काचेतला आवाज : गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प किटमधून बांधताना

आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकांत व्हॅक्यूम ट्यूबला किती जागा मिळते? बहुतेक वेळा पहिल्या प्रकरणातली चार-पाच वाक्यं. ट्यूब मोठ्या होत्या, तापायच्या, वीज खायच्या. १९४७ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि ट्यूबचा जमाना संपला. झालं! पुढच्या पानापासून पी-एन जंक्शन सुरू.

पण गिटार वाजवणाऱ्यांना ही बातमी जणू कुणी कळवलीच नाही. रेडिओने ट्यूब सोडली, कॉम्प्युटरने सोडली, टीव्हीनेही सोडली. गिटारिस्ट मात्र आजही ट्यूबच्या अ‍ॅम्पसाठी पैसे साठवतो. ही नुसती हौस आहे की त्यात काही इंजिनिअरिंग आहे? हे बघायला आम्ही चौघांनी गेल्या सुट्टीत एक किट मागवलं आणि अ‍ॅम्प बांधला. आम्ही दोघी ई अँड टीसीच्या, एक इलेक्ट्रिकलचा आणि एक मेकॅनिकलवाला. गिटार वाजवता येतं फक्त त्या मेकॅनिकलवाल्याला!

त्या कामातून जे शिकता आलं ते इथे लिहिते आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ‘प्रवर्धक’, ‘संधारित्र’ हे शब्द मला जड जातात. लॅबमध्ये आपण जे बोलतो तेच इथे वापरते.

नळीच्या आत काय असतं?

घरातल्या जुन्या माणसांना विचारा, ते ट्यूब म्हणणार नाहीत, ‘व्हॉल्व्ह’ म्हणतील. त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ बटण दाबल्यावर लगेच बोलत नसे. आधी आत मंद लाल उजेड दिसायचा, मग हळूहळू आवाज यायचा. त्या उशिराचं कारणच ट्यूबचं तत्त्व आहे. आतला हीटर कॅथोडला तापवतो आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या प्लेटला मोठं पॉझिटिव्ह व्होल्टेज दिलेलं असतं, ती त्यांना ओढून घेते. काचेतली हवा काढून टाकलेली असल्याने वाटेत अडथळा नसतो.

जॉन फ्लेमिंगने १९०४ साली अशी दोन इलेक्ट्रोडची नळी केली. तिच्यातून करंट एकाच दिशेने जायचा, म्हणून तिला व्हॉल्व्ह म्हणजे झडप हे नाव पडलं. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने कॅथोड आणि प्लेटच्या मधे तारेची जाळी घातली. हीच ग्रिड. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना ग्रिड समजावून सांगणं सोपं आहे. भंडारदऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या पाटाला चारीचं दार असतं ना? दार उचलायला एका माणसाचा जोर पुरतो, पण त्यातून वाहणारं पाणी एकरांनी शेत भिजवतं. ग्रिडवरचं लहानसं व्होल्टेज म्हणजे दार उचलणारा हात आणि प्लेटचा करंट म्हणजे पाणी. अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात ते एवढंच!

भारतातही बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवले. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात.

कोणतं किट?

पहिल्यांदा बांधायचं असेल तर सगळ्यात लहान सर्किट घ्यावं. आमचं किट अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’ या अ‍ॅम्पच्या सर्किटवर आधारलेलं होतं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं हे सर्किट ५एफ१ या नंबराने ओळखलं जातं. त्यात ट्यूब फक्त तीन :

१) १२एएक्स७ : युरोपातलं नाव ईसीसी८३. एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. प्रीअ‍ॅम्पचं काम.
२) ६व्ही६ : पॉवर ट्यूब, स्पीकर चालवणारी.
३) ५वाय३ : रेक्टिफायर, म्हणजे आपल्या दोन डायोडचं काम करणारी ट्यूब.

आउटपुट साधारण ५ वॉट. ऐकून हसू येईल, कारण गणपतीच्या मिरवणुकीत आपण हजारो वॉट ऐकतो. पण होस्टेलच्या खोलीत हे ५ वॉट शेजारच्यांना दार वाजवायला लावतात, हे मी खात्रीने सांगते.

किटमध्ये पीसीबी नाही. फायबरच्या पट्टीवर रेझिस्टर आणि कपॅसिटर ओळीने बसवायचे आणि एकेक वायर हाताने सोल्डर करायची. सुरुवातीला हे मागासलेलं वाटतं. पण याचा मोठा फायदा म्हणजे संपूर्ण सर्किट डोळ्यांना दिसतं. इनपुटच्या जॅकवर बोट ठेवायचं आणि स्पीकरपर्यंत वाट काढत जायचं. (बोट ड्रॉइंगवर! चालू अ‍ॅम्पवर नव्हे.)

सिग्नलच्या मागे मागे

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार लहान असतो, अगदी ढोबळ मानाने एक दशांश व्होल्ट. तो पहिल्या ट्रायोडच्या ग्रिडवर जातो. प्लेटला १०० किलो-ओहम आणि कॅथोडला १.५ किलो-ओहमचा रेझिस्टर आहे. आता सेकंड इयरचं कॉमन एमिटर सर्किट आठवा. हे तेच आहे, फक्त कलेक्टरच्या जागी प्लेट, बेसच्या जागी ग्रिड आणि एमिटरच्या जागी कॅथोड.

गेन काढून बघू. १२एएक्स७ चा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० आणि प्लेट रेझिस्टन्स सुमारे ६२.५ किलो-ओहम. कॅथोडच्या रेझिस्टरला बायपास कपॅसिटर लावला तर गेन = १०० × १०० ÷ (१०० + ६२.५) = सुमारे ६१. पण ५एफ१ मध्ये इथे बायपास कपॅसिटर नाही. मग कॅथोडचा १.५ किलो-ओहम १०१ पटीने छेदात येतो : १०० × १०० ÷ (१०० + ६२.५ + १५१.५) = सुमारे ३२. म्हणजे एक कपॅसिटर नसल्यामुळे गेन निम्मा! ‘बायपास कपॅसिटरचं कार्य लिहा’ हा प्रश्न परीक्षेत आपण पाठ करून लिहितो. इथे तो कपॅसिटर क्लिपने लावला आणि काढला की कानाला फरक ऐकू येतो. पाठांतराची गरजच राहत नाही.

पहिल्या स्टेजनंतर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर, मग व्हॉल्यूम, मग दुसरा ट्रायोड, पुन्हा तसाच कपॅसिटर आणि शेवटी ६व्ही६ ची ग्रिड. हा कपॅसिटर दिसायला किरकोळ आहे, पण त्याच्या एका बाजूला प्लेटचं दीडशेच्या वरचं डीसी व्होल्टेज आणि दुसऱ्या बाजूला ग्रिड, जिच्यावर डीसी शून्य पाहिजे. तो लीक झाला तर ६व्ही६ ची ग्रिड पॉझिटिव्ह होते, करंट वाढतो आणि प्लेट लालभडक होते. आवाजाचं काय? ६व्ही६ च्या ग्रिडवर २२० किलो-ओहम असल्याने कटऑफ फ्रिक्वेन्सी सुमारे ३३ हर्ट्झ येते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे काही अडत नाही.

आता स्पीकर ८ ओहमचा आणि ६व्ही६ ला लोड हवा सुमारे ८००० ओहमचा. हा मेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. इम्पीडन्स टर्न्स रेशोच्या वर्गाने बदलतो, म्हणून रेशो = १००० चं वर्गमूळ, सुमारे ३१.६. फर्स्ट इयरला गाळलेला तो ट्रान्सफॉर्मरचा फॉर्म्युला इथे असा भेटतो.

डिस्टॉर्शन : दोष की गुण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या लॅबमध्ये साइन वेव्हचं डोकं कापलेलं दिसलं की सर म्हणतात, “क्लिपिंग होतंय, इनपुट कमी कर.” डिस्टॉर्शन म्हणजे चूक. गिटारचा अ‍ॅम्प मात्र नेमका याच ठिकाणी वापरला जातो.

आम्ही स्पीकरच्या जागी ८ ओहमचा मोठ्या वॉटेजचा रेझिस्टर लावून लॅबच्या सीआरओवर बघितलं. इनपुट वाढवत नेलं तसं साइन वेव्हचं एक टोक आधी गोल व्हायला लागलं, दुसरं अजून शाबूत. भरपूर निगेटिव्ह फीडबॅक असलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम करवतीने कापल्यासारखा सपाट होतो. ट्यूबचं वळण हळू आहे. शिवाय एकच पॉवर ट्यूब असल्याने वरचं आणि खालचं टोक सारखं वाकत नाही, त्यामुळे दुसरा हार्मोनिक ठळक येतो.

दुसरा हार्मोनिक म्हणजे काय, हे संगीतात सांगते. मूळ सूर सा धरला तर दुसरा हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला सा. तिसरा म्हणजे त्याच्या वरचा प. पाचवा म्हणजे आणखी वरचा गंधार, जो चांगल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो आणि ज्याला गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. म्हणजे हे जादा सूर परके नाहीत, मूळ सुराचेच नातेवाईक आहेत. फार वरचे हार्मोनिक मात्र कानाला टोचतात आणि कडक क्लिपिंगमध्ये तेच जास्त येतात.

मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग असा घासतात की तार त्याला हलकेच चाटून जाईल. सोबत तारेखाली दोरा सरकवून सूर उघडतात. शुद्ध भौतिकशास्त्राच्या भाषेत ही तारेच्या कंपनात घातलेली ढवळाढवळच आहे! पण तिच्यामुळे हार्मोनिक फुलतात आणि तंबोरा बोलायला लागतो. जवारी नसलेली तार शुद्ध असेल, पण मुकी. ट्यूब अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन ही गिटारची जवारी आहे, असं मला वाटतं. रेडिओचं काम आलेला सूर तसाच पोचवण्याचं, म्हणून त्याला डिस्टॉर्शन दोष आहे. गिटारचा अ‍ॅम्प हा वाद्याचाच भाग, म्हणून तिथे तो गुण आहे. सर्किट तेच, काम वेगळं. गिटारिस्टनी ट्यूब सोडली नाही याचं इंजिनिअरिंगमधलं उत्तर हे आहे.

या गोष्टीचं एक टोक तर आपल्या शहराच्या वेशीवर येतं. दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला तिथे जगभरातून लोक येतात. मेहेरबाबांना मानणाऱ्यांमध्ये इंग्लंडच्या ‘द हू’ बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंडही आहे. त्यांच्या १९७१ सालच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे हेच. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरच्या ‘बासमन’ अ‍ॅम्पवरून मार्शलचे पहिले अ‍ॅम्प तयार झाले. टाउनशेंडसारख्या गिटारिस्टनी आणखी मोठा आवाज मागितला, त्यातून १०० वॉटचे अ‍ॅम्प आणि एकावर एक रचलेले स्पीकरचे खोके आले. वाजवणाऱ्याने मागणी करायची आणि इंजिनिअरने सर्किट बदलायचं, असा हा इतिहास आहे.

२३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ

ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. अमेरिकेतल्या किटचा पॉवर ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असू शकतो. ‘स्टेप-डाउन लावू’ असं कुणी म्हणेल, पण त्याने व्होल्टेज बदलतं, फ्रिक्वेन्सी नाही. कोअरमधला फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात असतो. १२० ÷ ६० = २, तर १२० ÷ ५० = २.४. म्हणजे फ्लक्स २० टक्के जास्त. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला कोअर सॅच्युरेट होऊन तापणार. म्हणून २३० किंवा २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेलाच ट्रान्सफॉर्मर मागवा.

आपल्याकडे लाइटचं व्होल्टेज कमी-जास्त होतं, तेही धरा. हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि साधारण १० टक्के इकडेतिकडे चालतं. २३० ला ६.३ असेल तर २५० ला ६.८५ होतात, म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळ. ट्रान्सफॉर्मरला २४० चं टॅपिंग असेल तर तेच वापरा.

गुणगुण आली तर कानाने निदान करा. फुल वेव्ह रेक्टिफायरचा रिपल १०० हर्ट्झचा. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी नोट मिळते ती ९८ हर्ट्झची. गुणगुण तिच्याशी जुळली तर फिल्टर कपॅसिटर तपासा. तिच्या बरोबर एक सप्तक खाली, ५० हर्ट्झची असेल तर हीटरच्या वायरी किंवा ग्राउंडिंग बघा.

३४० व्होल्टशी कसं वागायचं

हा भाग कृपया गाळू नका. ब्रेडबोर्डवर आपण ५ किंवा १२ व्होल्टशी खेळतो, चुकलं तर आयसी जातो. इथे मुख्य सप्लाय सुमारे ३४० व्होल्ट डीसी आहे, चुकलं तर माणूस जातो. आणि प्लग काढला म्हणून धोका संपत नाही. १६ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३४० व्होल्टला सुमारे ०.९ जूल ऊर्जा साठते. ट्यूब तापलेल्या असतील तर त्या हा चार्ज ओढून घेतात. पण ट्यूब बसवलेली नसेल किंवा खराब असेल तर चार्जला जायला वाटच नसते, तो तसाच दबा धरून बसतो.

आमच्या लॅबच्या काकांनी आमच्याकडून हे नियम कागदावर लिहून घेतले आणि टेबलासमोर चिकटवले :

१) एकट्याने काम करायचं नाही. मेन स्विच कुठे आहे ते दुसऱ्याला माहीत पाहिजे.
२) चालू सर्किटवर मोजताना एक हात खिशात. म्हणजे करंटला एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जायला वाट मिळत नाही.
३) मुख्य कपॅसिटरला समांतर २२० किलो-ओहमचा ब्लीडर रेझिस्टर लावायचा. त्यात ३४० चा वर्ग भागिले २२०००० म्हणजे सुमारे अर्धा वॉट जळतो, म्हणून २ वॉटचा घ्या. सगळे फिल्टर कपॅसिटर मिळून ३२ मायक्रोफॅरड धरले तर टाइम कॉन्स्टंट ७ सेकंद. पाच पट म्हणजे ३५ सेकंदांत व्होल्टेज दोन-तीन व्होल्टवर येतं.
४) तरीही ब्लीडरवर विश्वास ठेवायचा नाही. प्लग काढून मीटर लावायचा आणि आकडा खाली येताना मोठ्याने वाचायचा. एक आकडी झाल्याशिवाय हात आत नाही.
५) थ्री-पिन वायर आणि चेसिसला पक्कं अर्थिंग. होस्टेलच्या सॉकेटला अर्थ खरोखर पोचतोय का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यायचं.
६) स्पीकर किंवा लोड न जोडता अ‍ॅम्प कधीही चालू करायचा नाही. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर मोठं व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटू शकतं.

मोठ्याने आकडा वाचण्याचं पहिल्या दिवशी आम्हाला हसू आलं होतं. “दोनशे दहा... नव्वद... बत्तीस... आठ.” तिसऱ्या दिवसापर्यंत कुणी हसत नव्हतं. आकडे ऐकू आले नाहीत तर उलट चुकल्यासारखं वाटायचं.

पहिल्यांदा चालू करताना

थेट प्लग लावू नका. सिरीज बोर्डवर ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावून त्यातून सप्लाय द्या (एलईडी चालणार नाही). ट्यूब न बसवता चालू केलं की बल्ब क्षणभर चमकून मंद झाला पाहिजे. झगझगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर बंद करून ट्यूब बसवा, लोड जोडा आणि पुन्हा बल्बमधूनच चालू करून बघा. मगच थेट मेन्सवर या. सुरू होताच अ‍ॅम्प जोरात किंचाळला तर बहुधा फीडबॅक उलटा, म्हणजे पॉझिटिव्ह झालेला असतो. बंद करून, कपॅसिटर रिकामे झालेत हे मोजून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

मग ६व्ही६ च्या कॅथोडवर व्होल्टेज मोजा. रेझिस्टर ४७० ओहमचा आहे. समजा १९ व्होल्ट आले, तर करंट सुमारे ४० मिलिअ‍ॅम्पिअर. प्लेट ते कॅथोड ३२० व्होल्ट धरले तर जवळजवळ १३ वॉट. स्क्रीनचा थोडा करंट वजा केला तरी ट्यूब १२ वॉटच्या मूळ मर्यादेच्या काठावर चालते आहे. क्लास ए म्हणजे काय, तर कुणी वाजवत नसतानाही हे १२-१३ वॉट जळतच राहतात आणि त्यातून आवाजाला जेमतेम ५ मिळतात. ‘क्लास ए ची एफिशियन्सी कमी असते’ हे वाक्य ट्यूबजवळ हात नेला की ऊब लागून समजतं!

थोडक्यात काय, तर या अ‍ॅम्पमध्ये पास होण्यापुरतं वाचलेलं सगळंच आहे : गेन, बायसिंग, फीडबॅक, फिल्टर, ट्रान्सफॉर्मर. मोबाइलच्या आयसीमध्येही तेच असतं, पण तिथे प्रोब लावायला जागा नाही. सिम्युलेशनमध्ये व्होल्टेज दिसतं, पण त्याची भीती वाटत नाही, आणि थोडी भीती वाटल्याशिवाय माणूस नीट मोजत नाही.

तुमच्या मिनी प्रोजेक्टसाठी हा विषय जरूर विचारात घ्या. किट परवडत नसेल तर सगळेच सुटे भाग बाहेरून आणायला लागत नाहीत. रेझिस्टर, कपॅसिटर, वायर, सोल्डर असं बरंचसं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतं. ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर मात्र चांगलेच घ्या. आमचा अ‍ॅम्प सध्या लॅबमध्ये कपाटाच्या वरच्या खणात आहे. ज्यांना उघडून बघायचा असेल त्यांनी काकांना सांगून यावं. येताना मीटर आणा, आणि आकडे मोठ्याने वाचायची तयारी ठेवा!